सरकारचे म्हणजे कोणाचे? सार्वजनिक मालकीच्या विचाराची वाटचाल

नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. आम्ही फळ्यावर 'सार्वजनिक मालमत्ता' हे शब्द लिहिले आणि उदाहरणे विचारली. मुलांनी ती भराभर सांगितली. कदंबाची बस, पोस्ट, आरोग्य केंद्र, पेडण्याचे रेल्वे स्थानक. एका मुलीने मये गावचा तलाव सांगितला. इतक्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "सर, सरकाराचें म्हळ्यार कोणाचें?"

घरची भाषा वर्गात आली म्हणून काही मुले हसली. आम्ही हसलो नाही. घरी आम्हीही तीच भाषा बोलतो, आणि शिवाय त्या प्रश्नाचे नीट उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. "आपणा सर्वांचे," असे पुस्तकातले उत्तर आम्ही दिले. मुलाने ते मुकाट्याने ऐकले, मात्र खाली बसता बसता तो शेजाऱ्याजवळ पुटपुटला, "मागीर आमकां कित्याक विचारनात?"

या मुलाचे वडील खाणीवर टिपर चालवीत. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या तेव्हा हा मुलगा शाळेतही जात नव्हता. पुढे त्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डोंगर सर्वांचा, टिपर वडिलांचा आणि टिपरचे कर्जही वडिलांचेच, असा हिशेब ज्या घरात मांडला गेला, त्या घरातून तो प्रश्न आला होता. तो टाळून पुढचा धडा घेणे आम्हांला बरे वाटले नाही. पुढील चार तास आम्ही त्याच विषयाला दिले. त्या तासांत जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते येथे लिहीत आहोत.

गावाच्या जमिनीवर गावाची मालकी असावी, ही कल्पना गोमंतकाला नवी नाही. जुन्या काबिजादींतील गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, याच तत्त्वावर चालत. शेते ठराविक मुदतीने पावणीत द्यायची, आलेल्या उत्पन्नातून बांध, मानशी व देवस्थान यांचा खर्च भागवायचा आणि उरलेले गावकारांमध्ये जोण म्हणून वाटायचे, अशी ही पद्धत. १५२६ साली पोर्तुगीजांनी या रूढी लिहून काढल्या. गोव्यात जन्मलेले थोर मार्क्सवादी पंडित दामोदर कोसंबी यांनी १९४७ साली याच गावकऱ्यांवर एक अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. गावकरीचे गोडवे गाणारे लोक आजही भेटतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो की, गावकार नसलेल्या कुटुंबाला आणि गावकाराच्या मुलीलाही त्यात वाटा नसे. 'गावाचे' या शब्दात सारा गाव येत नव्हता. पुढील सर्व कथेत हा मुद्दा लक्षात ठेवावा.

आता युरोपकडे वळू. कारखाने, खाणी, रेल्वे आणि बँका या थोड्या मालकांच्या हाती न राहता समाजाच्या हाती असाव्यात, ही मागणी राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांत एकोणिसाव्या शतकात आली. मार्क्स व एंगल्स यांच्या १८४८ च्या जाहीरनाम्यात दहा उपाय दिलेले आहेत. जमिनीवरील खासगी मालकी रद्द करणे, सरकारी बँकेच्या हाती पतव्यवहार एकवटणे, वाहतुकीची साधने राज्याकडे घेणे हे त्यांतलेच. परंतु गंमत अशी की, पुढे जर्मनीत बिस्मार्कने रेल्वे सरकारजमा करण्यास आरंभ केला तेव्हा एंगल्सनेच थट्टा केली. तंबाखूचा धंदा सरकारने चालविणे हा समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि मेटर्निक यांनाही समाजवादाचे संस्थापक म्हणावे लागेल, असा त्याचा टोमणा होता. आपल्या देशात तरी काय झाले? जी. आय. पी. रेल्वे १९२५ साली सरकारी व्यवस्थापनाखाली आली ती इंग्रजांच्याच राज्यात. त्यासाठी कोणा समाजवादी पक्षाची गरज पडली नाही, आणि त्यामुळे तिसऱ्या वर्गाच्या उतारूचे हाल कमी झाले असेही नाही. सरकारची मालकी आणि लोकांची मालकी हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द नव्हेत, हे या मागणीच्या जनकांनाही ठाऊक होते.

ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९१८ मध्ये आपल्या घटनेत सामायिक मालकीचे कलम घातले. त्याचा मसुदा सिडने वेब यांचा. उत्पादनाची साधने सामायिक मालकीची व्हावीत, असा त्याचा आशय होता. १९२९ मध्ये त्यात वाटप आणि विनिमय यांच्या साधनांचीही भर पडली. १९४५ साली ॲटली यांचे सरकार बहुमताने आले आणि कलम कृतीत उतरले. १९४६ मध्ये बँक ऑफ इंग्लंड, १९४७ मध्ये कोळसा, १९४८ मध्ये रेल्वे व वीज, मग गॅस, शेवटी पोलाद. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील खाणींवर नवे फलक लागले. ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ लोकांच्या वतीने चालवीत आहे, असे त्यांवर लिहिलेले होते. खाणकामगारांनी तो दिवस सणासारखा साजरा केला. मग ते खाली उतरले, तेव्हा त्यांना दिसले की कचेरीत बसणारे साहेब बहुतेक जुनेच आहेत. वेतन सुधारले, सुरक्षितता वाढली, हे खरे. तथापि निर्णय घेणारे मंडळ लंडनमध्ये होते. फलकावरील 'लोकांच्या वतीने' या शब्दांतला 'वतीने' हा शब्द आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचेच दुसरे रूप आहे.

भारतातील समाजवादी पक्षाची जन्मकथा महाराष्ट्रातील एका तुरुंगाशी जोडलेली आहे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेले तरुण नाशिक रोडच्या तुरुंगात एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अशोक मेहता, मिनू मसानी ही त्यांतील काही नावे. तेथील वाचन-चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच्या कार्यक्रमात पोलाद, कापड, ताग, रेल्वे, जहाजे, मळे व खाणी, तसेच बँका, विमा आणि लोकोपयोगी सेवा यांचे समाजीकरण करण्याची मागणी होती. आणि अखेरचे ध्येय म्हणून उत्पादन, वाटप व विनिमय यांचाच उल्लेख होता. विलायतेतील कलमाचा हा प्रतिध्वनी उघड आहे. याच्या आधी १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनेही मूलभूत उद्योग व खनिजसंपत्ती यांवर राज्याची मालकी वा नियंत्रण असावे असे ठरविलेच होते. तुरुंगातील त्या मंडळींपैकी मसानी पुढे अगदी उलट दिशेला गेले. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत ते होते, आणि सरकारी मालकीचे त्यांच्याइतके अभ्यासू टीकाकार थोडेच झाले. एकाच बराकीत दोन्ही बाजूंचे वकील घडावेत, ही त्या तुरुंगाची थोरवीच म्हणायची!

परंतु या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने विचार कोणी केला असेल, तर तो आमच्या मते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लोकहितासाठी गरज पडेल तेथे उद्योगांची मालकी व व्यवस्था राज्याने घ्यावी, हे तत्त्व त्या पक्षाने मान्य केले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोत म्हणजे काय हे पेडण्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. तेरेखोलची नदी ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्याचा तो जुना मुलूख लागतो, आणि खोत व कूळ यांच्या कहाण्या नदीच्या दोन्ही तीरांवर सारख्याच आहेत. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या आपल्या निवेदनात डॉ. आंबेडकर त्याही पुढे गेले. मूलभूत व महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, आणि शेतीसुद्धा राज्याचा उद्योग व्हावा. राज्याने जमीन ताब्यात घ्यावी, जात वा धर्म न पाहता गावकऱ्यांना ती सामुदायिक शेतीसाठी द्यावी, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. हे सारे निवडणुकीतील बहुमतावर न सोडता संविधानातच लिहून ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. आज आलेले सरकार उद्या जाते, आणि ज्यांच्या हाती संपत्ती आहे ते मात्र जात नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. सूचना स्वीकारली गेली नाही.

येथे डाव्या पक्षांतील एक मोठी दुही दिसते. कारखाना सरकारचा व्हावा यावर बहुतेकांचे एकमत होते. जमिनीबाबत मात्र 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा गाजली. शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट आणि समाजवादी या सर्वांनी ती दिली. या घोषणेने जमीन सार्वजनिक होत नाही. एका मालकाकडून ती दुसऱ्या, लहान मालकाकडे जाते. आमचा कोणताही कुळाचा नातू याला चूक म्हणणार नाही. आम्ही स्वतः पेडण्यातील एका कुळाचे नातू आहोत, तेव्हा आमचेही मत त्याच पारड्यात धरावे.

स्वातंत्र्यानंतर सत्ता काँग्रेसकडे होती. पण डाव्या पक्षांनी मागितलेल्या बऱ्याच गोष्टी तिने आपल्या हातांनी केल्या. १९५३ मध्ये विमान कंपन्या, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक, १९५६ मध्ये आयुर्विमा. आयुर्विम्याचा वटहुकूम १९ जानेवारी १९५६ रोजी निघाला. अर्थमंत्री होते आपल्या कोकणचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख. ते काही समाजवादी पक्षाचे नव्हेत. २४५ लहानमोठ्या विमासंस्था एका दिवसात सरकारच्या ताब्यात आल्या. पुढे १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. बँका सरकारी झाल्यामुळे खेड्यात शाखा आल्या, हा लाभ आमच्या पिढीने गृहीतच धरला आहे.

आता या लेखाच्या गाभ्याशी येतो. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाला 'अ' आणि 'ब' अशा दोन याद्या जोडलेल्या होत्या. 'अ' यादीत सतरा उद्योग होते. त्यांच्या भावी विकासाची जबाबदारी केवळ राज्याची राहील, असे ठरले. शस्त्रास्त्रे, अणुशक्ती, पोलाद, कोळसा अशा नावांबरोबर त्या यादीत आणखी एक नोंद होती, ती म्हणजे लोहखनिजाच्या खाणी. या धोरणाप्रमाणे १९५८ मध्ये राष्ट्रीय खनिज विकास महामंडळ निघाले आणि त्याने बस्तरच्या बैलाडिला डोंगरात सरकारी खाणी उघडल्या.

डिचोलीच्या डोंगरातही तेच लोहखनिज होते. मात्र १९५६ साली डिचोली भारताच्या नकाशात नव्हती. येथे पोर्तुगीजांचा १९०६ चा खाण कायदा चालू होता. त्याअन्वये दिलेल्या कन्सेशनांना मुदत नसे. एकदा दिली की ती पिढ्यान्‌पिढ्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवे होते. मग डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून खनिज निघाले, बार्जेस मांडवीतून मुरगावला जाऊ लागल्या आणि काही घराणी थोड्याच वर्षांत श्रीमंत झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्या दिवशी आपण भारतात आलो, त्या दिवशी भारतात लोहखनिज 'अ' यादीत होते. तरीही आपल्या खाणी पूर्वीच्याच हातांत राहिल्या.

असे का झाले, याचे उत्तर आम्ही एका वाक्यात देऊ इच्छीत नाही. अस्तित्वात असलेले खासगी उद्योग काढून घ्यावेत असे त्या ठरावात सक्तीने म्हटलेले नव्हते, हे एक कारण. खनिजाच्या निर्यातीतून देशाला परकीय चलन मिळत होते, हे दुसरे. आणि तिसरे कारण आपल्या राजकारणात आहे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत बहुजनसमाजाने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला निवडून दिले आणि भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते. त्यांनी गावोगावी शाळा काढल्या, आणि आज आम्ही ज्या पेशात आहोत त्याची पायाभरणी त्यांनीच केली, हे कृतज्ञतेने नमूद करतो. कुळांसाठी त्यांच्याच काळात १९६४ चा कूळ कायदा झाला. त्यांच्यानंतर शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले जाऊ लागले. पेडण्यासारख्या तालुक्यात, जेथे मोठमोठ्या भाटकारांच्या जमिनींवर घराणीच्या घराणी राबली, तेथे या कायद्यांनी माणसाची मान वर झाली. खटले पुढे कित्येक वर्षे चालले ती गोष्ट वेगळी. डाव्यांची जी मागणी होती ती येथे डाव्या नसलेल्या पक्षाने पुरी केली, पण अर्धीच. जमिनीच्या वरच्या पिकाचा प्रश्न सुटू लागला. जमिनीच्या पोटातल्या खनिजाला कोणी हात लावला नाही.

सरकारने हात लावला की सारे ठीक होते, असे मानणाऱ्यांनी मयेला यावे. हा गाव आपल्याच डिचोली तालुक्यात आहे. पोर्तुगीज राजवटीत तो एका काउंटच्या मालकीचा होता. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालला गेल्यामुळे ही मालमत्ता 'निर्वासितांची मालमत्ता' ठरली आणि १९६४ च्या कायद्याने सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. कस्टोडियन म्हणजे राखणदार. राखणदार मालक नव्हे. तो देऊ शकत नाही व सोडूही शकत नाही. शेजारच्या गावात कूळ मालक झाले, मुंडकार मालक झाला. मयेतला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीवर आणि राहत्या घराच्या जागेवर परकाच राहिला. अर्ज झाले, मोर्चे निघाले. शेवटी २०१४ साली ही मालकी नष्ट करणारा खास कायदा विधानसभेने केला, आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. म्हणजे १९६४ पासून पन्नास वर्षे गेली. भाटकार जाऊन सरकार आले आणि गाव होता तेथेच राहिला, असे हे उदाहरण आहे. तलाव सांगणारी मुलगी मयेचीच. या साऱ्या गोष्टी तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होत्या; तिने वर्गात सांगितल्या त्या आम्ही येथे लिहीत नाही, कारण त्या तिच्या घरच्या आहेत.

'सरकार' हा एकच ठोकळा नाही, हे १९४६ च्या १८ जूनला मडगावात सभा घेऊन गोव्याला जागे करणाऱ्या डॉ. राममनोहर लोहियांनी सांगून ठेवले होते. त्यांच्या चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत व केंद्र असे चार खांब होते आणि सत्ता व पैसा चारही खांबांवर वाटलेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व मालकी दिल्लीच्या खांबावर टांगली तर इमारत लोकांची राहत नाही. मयेचा राखणदार मयेच्या ग्रामसभेला उत्तरदायी असता तर काय घडले असते, याचा विचार करून पाहावा.

दरम्यान जगात वारे फिरले होते. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९५९ मध्येच राष्ट्रीयीकरणाचा आग्रह सोडला. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने सरकारी उद्योग विकले, आणि १९९५ मध्ये मजूर पक्षाने ते प्रसिद्ध कलमच बदलून टाकले. आपल्याकडे १९९१ च्या धोरणाने 'अ' यादी जवळजवळ मोकळी केली. आणि १९५३ मध्ये टाटांकडून घेतलेली विमानसेवा जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परत गेली.

परंतु याच वळणाच्या तोंडाशी, जुलै १९९० मध्ये, आपल्या किनाऱ्यावर सार्वजनिक मालकीचे एक नवे काम उभे राहिले. ते म्हणजे कोकण रेल्वे. त्या वेळी रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधु दंडवते, दोघेही समाजवादी. दंडवते हे तर १९७१ पासून राजापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच खासदार. त्यांच्याआधी तेथे वेंगुर्ल्याचे नाथ पै होते. कोकण रेल्वेची रचना पाहण्यासारखी आहे. सारे भांडवल केंद्राचे नव्हे. आरंभी ५१ टक्के रेल्वे खात्याचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६. शिवाय रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला. लोहियांच्या शिष्यांनी रेल्वेलाही दोन खांब दिले, असे आम्ही थट्टेने म्हणतो. गावाच्या खांबाचा मात्र येथेही पत्ता नव्हता. मार्ग कोठून न्यावा यावर गोव्यात मोठे आंदोलन झाले, हे पालकांना आठवत असेल. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम झाले. पेडण्याचा बोगदा सर्वांत त्रासाचा. लांबी अवघी दीड किलोमीटर. पण माती ओली व मऊ, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा ढासळे. २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग वाहतुकीला खुला झाला. त्या बोगद्याने ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा एकदा आपला स्वभाव दाखविला आणि गाड्या अडल्या.

दंडवत्यांची आणखी एक गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगितली. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. रेल्वे तर केव्हाचीच सरकारी होती. तरी दुसऱ्या वर्गाचा उतारू उघड्या लाकडी फळीवर झोपे आणि गाद्या वरच्या वर्गांना असत. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंचांची गादी बसविण्यास प्रारंभ केला. मालकी बदलली नाही, कायदा बदलला नाही. लोकांच्या गाडीत लोकांची पाठ काय म्हणते, एवढे विचारले गेले. टिपरवाल्याच्या मुलाला ही गोष्ट फार आवडली.

आता पुन्हा खाणींकडे. १९८७ साली संसदेने पोर्तुगीज कन्सेशने रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे खाणपट्टे झाले, असे मानले. अनंत काळाची मालकी मुदतबंद झाली. उत्खनन करणारे हात तेच राहिले. निर्यात वाढत गेली, चीनच्या मागणीने तर ती अतोनात वाढली. डिचोलीच्या रस्त्यांवर टिपरांच्या रांगा आणि शेतांत लाल गाळ, हे दृश्य आमच्या कॉलेजच्या दिवसांतले. मग शाह आयोगाचा अहवाल आला आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपलेली होती. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा न्यायालयाने तात्पुरती घातली आणि खनिज विकून येणाऱ्या रकमेतील दहा टक्के एका कायम निधीत ठेवण्यास सांगितले. खनिज हे एकदाच निघते. ते येणाऱ्या पिढ्यांचेही आहे, हा त्यामागील विचार. पुढे राज्याने ८८ पट्ट्यांचे केलेले नूतनीकरणही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या कायद्याप्रमाणे पट्ट्यांचे लिलाव झाले. पहिल्या क्रमांकाचा पट्टा डिचोलीचा. हे नवे पट्टे पन्नास वर्षांचे आहेत. म्हणजे मालक राज्य आणि काढणारा खासगी. १९५६ च्या यादीतील कल्पना नव्हे, आणि १९०६ ची अनंत मालकीही नव्हे.

शेवटच्या तासाला आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. शंभर रुपयांचे खनिज विकले तर दहा रुपये निधीत. वर्गातील सर्वांत लहान मुलीने लगेच विचारले, "सर, आणि नव्वद?" आम्ही सांगितले की त्यांतून सरकारची रॉयल्टी, लिलावातील वाटा, खाणीचा खर्च, मजुरी आणि काढणाऱ्याचा नफा, कोणाला किती, हे ज्याच्या त्याच्या तोलण्यावर आहे आणि तेथेच सारे भांडण आहे. मग सहामाही परीक्षेत आम्ही एक प्रश्न घातला: 'तुमच्या गावचा डोंगर कोणाच्या मालकीचा असावा व त्याचा निर्णय कोणी घ्यावा?' सात गुण.

बहुतेकांनी 'सरकारच्या' असे लिहिले, काहींनी 'पंचायतीच्या', एकाने 'देवाच्या'. मयेच्या मुलीने लिहिले की मालकी कोणाचीही असो, तिचा कागद गावात ठेवावा व मागेल त्याला दाखवावा. टिपरवाल्याच्या मुलाने दीड पान लिहिले होते. डोंगर सरकारचा असावा हे त्याला मान्य होते. मात्र खाण सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा, ग्रामसभा घ्यावी, व ती रविवारी घ्यावी, कारण इतर दिवशी त्याच्या वडिलांना कामावरून सुटी मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. आम्ही त्याला साडेसहा गुण दिले.